टायरवरचा आकडा आणि खताची पिशवी



या सदरात आपण एरवी बियाणे, खते, फवारणी आणि पाणी यांवरच बोलतो. आज विषय थोडा वेगळा आहे, पण तो आपल्या घरचाच आहे. आता बऱ्याच शेतकरी घरांत एखादी चारचाकी आली आहे. कोणी नवी घेतली, कोणी पै-पाहुण्याकडून जुनी घेतली. ही गाडी काही मिरवायची वस्तू नव्हे. तीत मुले शाळेला जातात, घरचा भाजीपाला बाजारात जातो, आणि रात्री-अपरात्री कोणाच्या छातीत दुखू लागले तर दवाखानाही तीच गाठते. अशा गाडीचे टायर झिजले, की कोणत्या मापाचे घ्यायचे हा प्रश्न पडतो. आज त्याच प्रश्नाचे उत्तर शोधू.

मागच्या पंधरवड्यात जुन्नर तालुक्यातील एक तरुण बागायतदार माझ्याकडे आला होता. टोमॅटोवरील करप्याबद्दल विचारून झाल्यावर तो उठता उठता म्हणाला, "साहेब, एक आगाऊ प्रश्न विचारू का? गाडीला चार टायर टाकायचेत. आमच्या पाणंदीत गाडीचा तळ दगडाला घासतो. दुकानदार म्हणतो, तुमचा टायर १६५ चा आहे, आपण १७५ चा टाकू. एक साइज मोठा, गाडी आपोआप उचलून येईल. टाकू का?"

गाडी कोणती, असे विचारले. सात-आठ वर्षांची जुनी स्विफ्ट, लोखंडी डिस्कची. घरात आजी आहे. तिला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावे लागते. पहाटे पाचला गाडी निघते. गाडी रस्त्यात अडली तर दुसरे वाहन मिळायला तास जातो, आणि आजीची वेळ चुकली तर सगळेच बिघडते. म्हणजे प्रश्न टायरचा दिसत असला, तरी त्यामागे आजी होती. मी त्याला पुन्हा खुर्चीवर बसवले आणि विचारले, "दुकानदाराने १७५ च्या पुढचे आकडे सांगितले का?" त्याने खिशातून चिठ्ठी काढली. तीवर लिहिले होते: १७५/६५ आर १४.

त्या चिठ्ठीवरून आमच्यात जे बोलणे झाले, तेच आज तुम्हाला सांगतो.

आकडे कसे वाचावेत

खताच्या पिशवीवर १०:२६:२६ असे छापलेले असते. त्यात नत्र किती, स्फुरद किती आणि पालाश किती, हे आता शाळकरी पोरही सांगते. टायरच्या बाजूवर छापलेले आकडेही तसेच आहेत. एक आकडा वाचून भागत नाही, सगळे मिळून वाचावे लागतात.

या तरुणाच्या गाडीला कंपनीने दिलेले माप आहे १६५/८० आर १४, आणि त्यापुढे ८५ टी. आता एकेक आकडा घेऊ.

१६५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे ऐंशी मिलिमीटर नव्हे. टायरच्या उभ्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे, ते हा आकडा सांगतो. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर. पुष्कळ जणांची फसगत इथेच होते.

आर म्हणजे रेडियल. हा टायरच्या आतील धाग्यांच्या बांधणीचा प्रकार आहे. काही लोक आरचा अर्थ त्रिज्या असा घेतात, तो चुकीचा आहे. १४ हा डिस्कचा व्यास, इंचांमध्ये. टायरची कड डिस्कवर जिथे बसते, तिथला हा व्यास आहे.

शेवटचे ८५ टी लोक वाचतच नाहीत, आणि माझ्या मते घरच्या गाडीला तेच सर्वात महत्त्वाचे. ८५ हा भाराचा अंक. तो थेट किलोत नसतो, त्याचा ठरलेला तक्ता आहे. ७४ म्हणजे ३७५ किलो, ७९ म्हणजे ४३७, ८२ म्हणजे ४७५, ८५ म्हणजे ५१५, ८८ म्हणजे ५६०, ९१ म्हणजे ६१५ आणि १०० म्हणजे ८०० किलो. एका टायरने योग्य हवा असताना जास्तीत जास्त एवढा भार घ्यावा, असा त्याचा अर्थ. टी हे वेगाचे अक्षर आहे. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०. आपल्याला एवढ्या वेगाने जायचे नाही हे खरे. पण घेताना मूळ अक्षरापेक्षा खालचे अक्षर घेऊ नये.

वहीतले गणित

आता टायरची एकूण उंची काढू, म्हणजे जमिनीपासून टायरच्या माथ्यापर्यंतचा पूर्ण व्यास. गणित चौथीच्या मुलालाही जमेल असे आहे. भिंतीची उंची दुप्पट करायची, कारण एक भिंत डिस्कच्या वर येते आणि एक खाली. त्यात डिस्कचा व्यास मिळवायचा. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर.

मूळ टायर १६५/८० आर १४. भिंत १३२, दुप्पट २६४. डिस्क १४ गुणिले २५.४, म्हणजे ३५५.६. बेरीज ६१९.६ मिलिमीटर. सोयीसाठी ६२० धरू.

दुकानदाराचा टायर १७५/६५ आर १४. १७५ चे ६५ टक्के म्हणजे ११३.७५. दुप्पट २२७.५. त्यात ३५५.६ मिळवले, की ५८३.१.

मी कागद त्याच्यापुढे सरकवला. तो दोन मिनिटे पाहतच राहिला. मग म्हणाला, "साहेब, हा तर मोठा नाही, लहान आहे!"

अगदी बरोबर. १६५ वरून १७५ वर गेलो, पण ८० चे ६५ झाले, हे कोणी पाहिलेच नाही. टायर रुंदीने दहा मिलिमीटर वाढला आणि उंचीने साडेछत्तीस मिलिमीटर घटला. गाडीचा तळ त्याच्या निम्म्याने, म्हणजे सुमारे १८ मिलिमीटरने खाली येणार. ज्या दगडाला तळ आज घासतो, त्याला उद्या चांगलाच आपटला असता.

बरे, भाराचे काय? १६५/८० आर १४ वर ८५ लिहिले आहे, म्हणजे ५१५ किलो. १७५/६५ आर १४ वर साधारणपणे ८२ असते, म्हणजे ४७५ किलो. एका टायरमागे ४० किलो ताकद कमी. मागच्या सीटवर आजी, आई आणि मावशी, डिकीत टोमॅटोचे दोन क्रेट, आणि टायर मात्र कमी ताकदीचे. यात त्या टायरचा दोष नाही. ज्या गाड्यांसाठी तो बनला आहे, त्यांना तो चोख चालतो. या गाडीसाठी तो बनलेला नाही, इतकेच. दुकानदाराने मुद्दाम फसवले असेही मी म्हणणार नाही. हे माप बऱ्याच गाड्यांना लागते, म्हणून दुकानात ते हजर असते. जे हजर असते, ते आधी दाखवले जाते. बियाण्याच्या दुकानातही आपला अनुभव असाच आहे.

मीही फसलो होतो

हे मी शहाणपणा मिरवण्यासाठी सांगत नाही. २०१३ साली मी स्वतः अशीच चूक केली. माझ्याही गाडीला १६५/८० आर १४ चेच टायर होते. एका दुकानात मला सांगण्यात आले, "साहेब, रुंद टायर टाका. रस्ता घट्ट धरतो आणि गाडीही भारदस्त दिसते." मी १९५/७० आर १४ टाकले. व्यासाचे गणित केले तर तो ६२८.६ येतो, म्हणजे मूळ मापापेक्षा जेमतेम दीड टक्का जास्त. भाराची ताकदही भरपूर. कागदावर खोट काढायला जागा नव्हती.

पण ३० मिलिमीटर वाढलेली रुंदी कुठे जाणार? निम्मी बाहेरच्या बाजूला गेली आणि निम्मी आत, मडगार्डच्या पोटात. एकटा असताना काही जाणवले नाही. श्रावणात आई, मंडळी आणि धाकटा भाऊ सपत्नीक, असे सगळे घेऊन माळशेज घाट उतरत होतो. भरल्या गाडीने वळण घेतले, की मागून खर्र खर्र आवाज येई. पाऊस आणि धुके एवढे, की घाटात थांबायचीही सोय नव्हती. आई मागे रामनाम जपत होती. खाली उतरून पाहिले, तर मागच्या एका टायरच्या खांद्याची पट्टी सोलून निघाली होती. आणखी पाच-पंचवीस किलोमीटर तसेच गेलो असतो तर काय झाले असते, याचा विचार आजही नको वाटतो.

घरी आल्यावर आमच्या मंडळी एवढेच म्हणाल्या, "अहो, पिशवीवरचे आकडे वाचल्याशिवाय खत घेऊ नका, म्हणून गावोगाव सांगत फिरता. मग टायरवरचे आकडे का नाही वाचले?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. नवे कोरे चारही टायर निम्म्या किमतीत देऊन टाकले आणि मूळ मापाचे घेतले. तेव्हापासून गणित आधी करतो, खिसा नंतर उघडतो.

चार कसोट्या

सर्वात बिनघोर मार्ग म्हणजे कंपनीने दिलेले मापच पुन्हा घेणे. चालकाच्या बाजूचे दार उघडले, की चौकटीवर एक चिटकवलेली पट्टी दिसते. तीवर टायरचे माप आणि हवेचा दाब दिलेला असतो. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकातही तो असतो. जुनी गाडी घेतली असेल, तर चाकांवर आज असलेल्या टायरवर विसंबू नका. आधीच्या मालकाने काय टाकले, देव जाणे. पट्टी पाहा.

मूळ माप मिळतच नसेल, किंवा काही कारणाने बदल करायचाच असेल, तर पुढील चार कसोट्या लावा. एक जरी चुकली, तरी तो टायर घेऊ नका.

पहिली कसोटी डिस्कच्या व्यासाची. १४ इंची डिस्कला १४ इंचीच टायर. यात तडजोड नाही.

दुसरी कसोटी एकूण व्यासाची. मूळ व्यासापेक्षा फरक तीन टक्क्यांच्या आत हवा, आणि तो जितका कमी तितका चांगला. ६२० चे तीन टक्के म्हणजे साधारण साडेअठरा मिलिमीटर. आपल्या उदाहरणात १८५/७० आर १४ घेतला, तर ६१४.६ येतो. फरक एका टक्क्याहूनही कमी. १७५/६५ चा फरक मात्र जवळजवळ सहा टक्के येतो. तो बाद.

तिसरी कसोटी भाराची आणि वेगाची. दोन्ही मूळ टायरइतके किंवा त्याहून जास्त हवेत. १८५/७० आर १४ वर साधारणपणे ८८ असते, म्हणजे ५६० किलो. तो इथेही उत्तीर्ण.

चौथी कसोटी रुंदीची. इथे दोन गोष्टी पाहायच्या. टायर आपल्या डिस्कच्या रुंदीला बसतो का, आणि भरल्या गाडीत तो मडगार्डला वा आतील पट्टीला घासत नाही ना. डिस्कची रुंदी डिस्कवरच कोरलेली असते. ५ जे म्हणजे पाच इंच. १८५/७० ला साडेचार ते सहा इंच रुंदीची डिस्क चालते. १९५/६५ ला मात्र निदान साडेपाच इंचांची लागते. अरुंद डिस्कवर रुंद टायर चढवला, तर त्याचा माथा फुगतो. तो मध्येच झिजतो आणि वळणावर गाडी डुलते. बसवल्यावर गाडीत घरची माणसे बसवा, स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा आणि आवाज ऐका. रिकाम्या गाडीची परीक्षा खरी नव्हे, हे मी घाटात शिकलो.

व्यास बदलला तर काय होते

पेरणी यंत्र वापरणाऱ्यांना हे लगेच पटेल. पेरणी यंत्राचे जमिनीवर फिरणारे चाक किती फेरे घेते, त्यावर बियाणे पडते. लहान चाक बसवले, तर तेवढ्याच अंतरात फेरे वाढतात आणि एकरी बियाणे जास्त पडते. यंत्राला मात्र त्याचा पत्ता नसतो. ते फक्त फेरे मोजते.

गाडीचेही तसेच आहे. काटा वेग मोजतो तो चाकाच्या फेऱ्यांवरून. ६२० चा टायर एका किलोमीटरमध्ये सुमारे ५१४ फेरे घेतो. ५८३ चा टायर तेवढ्याच अंतरात सुमारे ५४६ फेरे घेईल. काटा ८० दाखवील, तेव्हा गाडी खरी ७५ ने चालत असेल. शंभर किलोमीटर मोजले जातील, तेव्हा खरे अंतर ९४ च झालेले असेल. गाडी आहे त्यापेक्षा जास्त चाललेली दिसेल. मोठा टायर टाकला तर याच्या उलट. काटा कमी दाखवतो आणि गाडी मात्र जास्त वेगाने जात असते. धोका त्यात जास्त आहे.

मग खरोखर मोठा टाकला तर?

तरुणाने पुढचा प्रश्न विचारलाच. "मग साहेब, १७५/८० आर १४ टाकला तर? तो तर खरा मोठा आहे ना?"

खरा मोठा आहे. १७५ चे ८० टक्के १४०, दुप्पट २८०, अधिक ३५५.६, एकूण ६३५.६. म्हणजे १६ मिलिमीटरने मोठा. तीन टक्क्यांच्या आत बसतो, पण अगदी काठावर. आणि मिळाले काय? गाडी उचलली जाते ती वाढलेल्या व्यासाच्या निम्म्याने, कारण वाढलेला निम्मा भाग आसाच्या वर जातो. १६ चे निम्मे ८ मिलिमीटर. करंगळीच्या जाडीएवढेही नाही. पाणंदीतला दगड त्याने चुकत नाही.

बोलेरोवाल्या मंडळींनाही हेच सांगणे आहे. तुमचे मूळ माप २१५/७५ आर १५. व्यास ७०३.५. पुष्कळ जण रुबाबासाठी २३५/७५ आर १५ टाकतात. व्यास ७३३.५. वाढ ३० मिलिमीटर, म्हणजे चार टक्क्यांहून जास्त. गाडी उचलते फक्त १५ मिलिमीटर. त्यासाठी स्टीअरिंग जड होते, डिझेल जास्त लागते, चाक फिरवायला आणि थांबवायला जोर जास्त लागतो.

दुसरा मोह मोठ्या डिस्कचा. २०११ च्या स्विफ्टपासून वरच्या प्रकाराला कंपनी स्वतःच १८५/६५ आर १५ देत आली आहे. त्याचा व्यास ६२१.५, म्हणजे जवळजवळ तेवढाच. कंपनीनेही व्यास कसा सांभाळला आहे, ते यावरून कळते. पण डिस्क एक इंचाने वाढली आणि टायरची भिंत १३२ वरून १२० वर आली. डांबरी रस्त्यावर हे छान. खड्ड्यांच्या आणि दगडांच्या रस्त्यावर उंच भिंतच धक्का पिते. पातळ भिंतीत कडेचा दगड लवकर शिरतो आणि डिस्कची कड वाकते. ट्यूबलेस टायरची कड वाकलेल्या डिस्कवर नीट बसत नाही आणि हवा हळूहळू गळत राहते. गावच्या रस्त्याला १४ इंची लोखंडी डिस्कच बरी.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरबदल वाहनात करता येत नाही. मूळ मापाच्या टायरला कोणी हरकत घेत नाही. भलत्या मापावर अपघातानंतर विमा कंपनीशी वाद घालत बसण्याची वेळ आपल्यावर येऊ नये.

माल वाहणाऱ्यांसाठी खास

ज्यांच्याकडे छोटा हत्ती आहे, त्यांनी हे दोनदा वाचावे. टाटा एसच्या टायरवर १४५ आर १२ एलटी, ८ पीआर असे लिहिलेले असते. एलटी म्हणजे हलक्या मालवाहू गाडीचा. ८ पीआर म्हणजे त्याच्या बांधणीची मजबुती. आता मोटारीचा १४५/८० आर १२ हा टायर दिसायला जवळजवळ तेवढाच असतो आणि त्याच डिस्कवर चढतोही. पण त्याचा भारांक ७४, म्हणजे फक्त ३७५ किलो. तो मोटारीसाठी आहे, कांद्याच्या गोण्यांसाठी नव्हे. स्वस्त मिळतो म्हणून, किंवा स्टेपनीलाच तर टाकायचा आहे म्हणून, तो घेऊ नका. स्टेपनी नेमकी भरल्या गाडीतच लागते.

घेताना आणि बसवताना

माप ठरले तरी चार गोष्टी पाहायच्या राहतात.

टायरच्या बाजूवर चार आकड्यांची जन्मतारीख असते. २२२४ असेल, तर तो २०२४ सालच्या बाविसाव्या आठवड्यात बनला. बियाण्याची मुदत पाहता, तशी ही पाहा. दुकानात दोन-तीन वर्षे पडून असलेला टायर स्वस्त मिळाला तरी नको. रबर वापरले नाही तरी वयाने कडक होते. पाच वर्षे झाल्यावर दरवर्षी टायर तपासून घ्यावेत, आणि नक्षी शिल्लक असली तरी दहा वर्षांपुढे वापरू नयेत.

आयएसआय खूण पाहा. मोटारीच्या टायरसाठी भारतीय मानक आयएस १५६३३ आहे. नवी नक्षी चढवलेले जुने टायर घरच्या गाडीला घेऊ नका. पक्के बिल घ्या आणि त्यावर टायरचा क्रमांक लिहून घ्या.

एका आसावरचे दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच बांधणीचे आणि शक्यतो एकाच कंपनीचे हवेत. जुन्या जीपला अजून नायलॉनचे टायर असतात. एका बाजूला नायलॉन आणि दुसऱ्या बाजूला रेडियल, असे कधीही करू नका. बैलजोडीत एक बैल खिलार आणि एक गोऱ्हा जुंपला तर नांगर कसा चालेल, ते तुम्हाला सांगायला नको.

पैशाअभावी दोनच टायर घ्यायचे असतील, तर नवे कुठे टाकावेत? बहुतेक जण पुढे टाकतात. टायर कंपन्यांचा सल्ला मात्र नवे मागे टाकण्याचा आहे. पुढची चाके ओल्या रस्त्यावर घसरली, तर ते स्टीअरिंगवर कळते आणि वेग कमी करता येतो. मागची घसरली, की गाडी गर्रकन फिरते. ती सावरणे भल्याभल्यांना जमत नाही.

झीज कधी पुरे म्हणायची? केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम ९४ प्रमाणे मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खोल असू नये. दुचाकी आणि तीनचाकीला ही मर्यादा ०.८ मिलिमीटर आहे. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, की टायर संपला. पावसाळा तोंडावर असेल, तर तिथपर्यंतही थांबू नका. तीन मिलिमीटरला आला की बदला. पाणी बाहेर टाकायला खाच लागते, जशी शेताला चर लागते.

आणि हवा. पट्टीवर दिलेला दाब टायर थंड असताना भरायचा. गाडी भरून न्यायची असेल, तर भरल्या गाडीचा वेगळा दाब दिलेला असतो, तो पाहा. महिन्यातून एकदा स्टेपनीचीही हवा तपासा. योग्य मापाचा टायर कमी हवेवर चालवला, तर तोही आपली ताकद गमावतो.

जाता जाता

तो तरुण परवा पुन्हा भेटला. त्याने मूळ मापाचे, १६५/८० आर १४, ८५ टी, असे चार टायर मागवून घेतले. दुकानदाराकडे ते हजर नव्हते, चार दिवस लागले. ते चार दिवस आजीला शेजाऱ्याच्या गाडीतून नेले. आणि पाणंदीचे काय, असे मी विचारले. तो हसला. म्हणाला, "साहेब, आठ मिलिमीटर गाडी उचलण्यापेक्षा मी रस्ताच उचलला. दोन ट्रॉली मुरूम टाकला, शेजारच्या दोघांनी एकेक टाकली. तो दगड आता खाली गाडला गेला. दूधवाल्याची मोटारसायकलही नीट जाते."

मला त्याचे फार कौतुक वाटले. जिथे दुखणे होते, तिथेच त्याने औषध लावले.

तुम्हीही आज संध्याकाळी एवढे करा. गाडीचे दार उघडून पट्टीवरचे माप वहीत उतरवून घ्या. मग चारही चाके आणि स्टेपनी यांवरचे आकडे, भारांक आणि जन्मतारीख उतरवा. मुलाला गणित करायला बसवा. कुठे फरक दिसला, तर तो कळायला घाटाची वाट पाहू नका. वही गाडीच्या कप्प्यातच ठेवा, म्हणजे दुकानात कोणी "एक साइज मोठा" म्हणाला, की ती उघडता येईल.

पुढील आठवड्यात कांद्याच्या रोपवाटिकेतील मर आणि तिचा बंदोबस्त यावर बोलू. तोवर रामराम.